मैलांचा जमाखर्च

संघटनेच्या वार्षिक सर्वसाधारण सभेत खजिनदार जमाखर्च वाचू लागले, की मागच्या रांगेतील मंडळी हळूहळू चहाकडे सरकतात, हा आमचा तीस वर्षांचा अनुभव आहे. चार वर्षांपूर्वीच्या सभेत मात्र कोणी हलले नाही. प्रवासखर्चाची बाब वाचून झाल्यावर एक तरुण कामगार उठला आणि म्हणाला, "भाऊ, दिल्लीची तिकिटे आमच्या वर्गणीतून निघाली, ते बरोबरच आहे. पण त्या तिकिटांवर जे माइल्स मिळतात ते तुमच्या नावावर जमतात. ते कुणाचे?"

आम्हांस उत्तर देता आले नाही. खरे सांगावयाचे तर त्या क्षणापर्यंत ते मैल किती झाले आहेत हेही आम्ही पाहिले नव्हते. निवृत्त कामगारांच्या देण्याचा आमचा दावा आठ वर्षे दिल्लीत चालू होता. तारीख चार दिवस आधी कळे, रेल्वेला छत्तीस तास घालवून दुसऱ्या दिवशी पाळीवर हजर राहणे जमत नसे, म्हणून विमान. कार्यकारिणीने ठराव करून ते मान्य केले होते. परंतु मैलांविषयी ठराव नव्हता. घरी येऊन पोराकडून खाते उघडून घेतले, तर ४३,००० मैल निघाले. त्या रात्रीपासून आम्ही या विषयामागे लागलो. आमचे शिक्षण आठवीपर्यंतचे. पुढचे सारे सार्वजनिक वाचनालयाच्या बाकावर झाले. त्याच रीतीने जे हाती लागले ते येथे मांडतो.

ही कल्पना विमानाहून बरीच जुनी आहे. मालकाने किंवा दुकानदाराने खऱ्या पैशाऐवजी आपले स्वतःचे नाणे पाडावे आणि त्याची किंमतही स्वतःच ठरवावी, ही युक्ती उद्योगयुगाच्या आरंभापासून चालत आली. इंग्लंडात कारखानदार मजुरीच्या बदल्यात चिठ्ठ्या देत, त्या मालकाच्याच दुकानात चालत, आणि तेथील भाव मालकाचे असत. १८३१ च्या ट्रक कायद्याने बहुतेक धंद्यांत ही पद्धत बेकायदा ठरविली. मुंबईच्या गिरण्यांत निराळा प्रकार होता. साच्यावर कापड बिघडले, की ते साचेवाल्याच्याच माथी मारीत आणि त्याची किंमत पगारातून कापून घेत. १९३६ च्या वेतन प्रदान कायद्याने मजुरी चलनी नाण्यांत वा नोटांतच दिली पाहिजे असे बजावले, त्यामागे या सर्व अनुभवांचे गाठोडे होते.

गिऱ्हाइकाच्या बाजूने पाहिले तर दोन वाटा दिसतात. १८४४ च्या डिसेंबरात रॉचडेल गावी २८ विणकर व कारागिरांनी टोड लेनमध्ये सहकारी दुकान उघडले. जो नफा उरेल तो ज्याच्या त्याच्या खरेदीच्या प्रमाणात वाटावयाचा, असा त्यांचा नियम. नफा किती झाला आणि रुपयामागे किती पैसे परत द्यावयाचे, हे सभासदच सभेत ठरवीत. दुसरी वाट अमेरिकेची. १८९६ साली स्पेरी आणि हचिन्सन या कंपनीने हिरवी तिकिटे काढली. दुकानदार ती कंपनीकडून विकत घेई, खरेदीमागे गिऱ्हाइकास देई. गिऱ्हाईक ती वहीत चिकटवून वही भरली की कंपनीकडून इस्त्री, घड्याळ, चादर घेई. त्या तिकिटाची रोख किंमत एका सेंटचा दहावा भाग एवढीच छापलेली असे. वही भरण्याच्या नादात बाई दुसऱ्या दुकानाची पायरी चढत नसे, यातच दुकानदाराचे साधे. रॉचडेलचा लाभांश आणि हिरवे तिकीट वरून सारखेच दिसतात. फरक एवढाच, की पहिल्याचा दर घेणाऱ्याच्या हाती होता आणि दुसऱ्याचा देणाऱ्याच्या.

विमानाचे मैल हे या हिरव्या तिकिटाचे नातू होत.

अमेरिकेत १९३८ पासून विमानाचे भाडे आणि मार्ग सरकारी मंडळ ठरवीत असे. २४ ऑक्टोबर १९७८ रोजी राष्ट्राध्यक्ष कार्टर यांनी निर्बंध उठविण्याच्या कायद्यावर सही केली आणि कंपन्यांत भाडे पाडण्याची चढाओढ जुंपली. भाडे तर कोणीही पाडू शकतो. मग उतारू आपल्याकडेच बांधून कसा ठेवावा? टेक्सास इंटरनॅशनल या कंपनीने १९७९ मध्ये मैल मोजण्याचा प्रयोग केला. परंतु त्याला खरे रूप दिले अमेरिकन एअरलाइन्सने. रॉबर्ट क्रँडल हे तेव्हा तिचे अध्यक्ष. कंपनीच्या आरक्षणाच्या 'सेबर' नामक संगणकात उतारूंचे टेलिफोन क्रमांक साठलेले होते. तोच तोच क्रमांक पुनःपुन्हा येतो तो नेहमीचा उतारू, या हिशेबाने लाखाहून अधिक माणसे वेचून काढली आणि त्यांना सभासद करून घेतले. जितके मैल उडाल तितके खात्यावर जमा, ठराविक आकडा झाला की बक्षीस. योजना जाहीर झाली तो दिवस १ मे १९८१. कामगार दिनाचा मुहूर्त साधण्याचा कंपनीचा हेतू नसावा, पण आमच्यासारख्याच्या ध्यानात ती तारीख राहते. काही दिवसांतच युनायटेड कंपनीनेही तसलीच योजना काढली, आणि मग कोणासच मागे राहता येईना.

त्याच वर्षीच्या ऑगस्टात विमानतळांवरील वाहतूक-नियंत्रकांनी संप केला आणि राष्ट्राध्यक्ष रेगन यांनी ११,००० हून अधिक कामगार एका फटक्यात काढून टाकले. १९८३ च्या सप्टेंबरात कॉन्टिनेंटल कंपनी दिवाळखोरीच्या कायद्याखाली गेली आणि तिने संघटनांशी केलेले करार मोडून पगार निम्म्यावर आणले. तिचे चालक फ्रँक लोरेंझो. टेक्सास इंटरनॅशनलही त्यांचीच. उतारूस मैल देणारा हात आणि वैमानिकाचा पगार कापणारा हात एकच होता, असे म्हटले तर ते भाषण ठोकल्यासारखे वाटेल. पण तारखा तशा आहेत खऱ्या.

आता हे मैल म्हणजे काय, ते पाहू. आरंभी त्यांचा अर्थ सरळ होता. विमानात काही जागा रिकाम्या जातातच. त्यांवर फुकट उतारू बसविला तर कंपनीस जेवणाचा आणि थोड्या इंधनाचा खर्च. पुढे कंपन्यांच्या ध्यानात आले, की मैल दुसऱ्यांस विकताही येतात. १९८७ साली अमेरिकन एअरलाइन्स व सिटीबँक यांचे क्रेडिट कार्ड निघाले. बँकेने कंपनीकडून मैल विकत घ्यावयाचे आणि कार्डावर खर्च करणाऱ्यास वाटावयाचे. विमानात पाऊल न टाकताही मैल जमू लागले. १९८८ मध्ये तर कंपन्यांनी चढाओढीत एका मैलास तीन मैल दिले. जानेवारी २००५ मध्ये लंडनच्या इकॉनॉमिस्ट साप्ताहिकाने हिशेब मांडला, की जगभर न वापरलेले असे १४ लाख कोटी मैल पडून आहेत आणि त्यांची किंमत ७०,००० कोटी डॉलरांहून जास्त, म्हणजे चलनात असलेल्या डॉलरच्या नोटा व नाणी यांहूनही अधिक आहे.

एवढे नाणे पाडल्यावर त्याची किंमत उतरणारच. आणि येथे छापणारा व भाव ठरविणारा एकच. अमेरिकन एअरलाइन्सने १९८८ मध्ये नियम बदलून फुकटच्या जागांवर मर्यादा घातली आणि काही दिवस वर्ज्य केले. हे नियम आधीच जमलेल्या मैलांनाही लागू केले. उतारू न्यायालयात गेले. १९९५ साली तेथील सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की ग्राहकसंरक्षणाच्या राज्य कायद्याखाली ही फिर्याद चालणार नाही, मात्र करारभंगाची चालेल. हा अर्धा विजय होता. करार लिहिणारी कंपनीच, आणि 'नियम केव्हाही बदलू' हे वाक्य तिने अर्जाच्या मागे बारीक टाईपात घातले, की करारभंग तो कुठला? पुढे २०१४ मध्ये दुसरा खटला त्याच न्यायालयात आला. वारंवार तक्रारी करतो म्हणून एका ज्यू धर्मोपदेशकाचे सभासदत्व नॉर्थवेस्ट कंपनीने रद्द केले होते. त्याचा सद्भावनेचा दावा न्यायालयाने चालू दिला नाही. ज्या कायद्याने भाडे मोकळे केले, तोच कायदा उतारूच्या आड आला.

२०१५ च्या १ जानेवारीपासून डेल्टा कंपनीने मैल अंतरावर न देता तिकिटाच्या किमतीवर देण्यास आरंभ केला. त्याच वर्षी युनायटेडने व पुढल्या वर्षी अमेरिकननेही तेच केले. मैलाचा आता मैलाशी संबंध उरला नाही, फक्त नाव राहिले. कोणत्या प्रवासास किती मैल लागतील याचा छापील तक्ताही डेल्टाने २०१५ मध्येच काढून टाकला. दर रोज बदलणार, आणि उतारूने तो त्या दिवशी पाहून घ्यावा. पाटीवर भाव न लावणाऱ्या वाण्याकडे आमच्या आया जात नसत.

तरी काही माणसांनी कंपन्यांना त्यांच्याच हिशेबात पकडले, हेही सांगितले पाहिजे. १९९९ साली कॅलिफोर्नियातील एका इंजिनिअरच्या लक्षात आले, की एका खाद्यपदार्थाच्या वेष्टनावरील पट्ट्या पाठविल्या तर मैल मिळतात आणि पुडिंगची डबी अवघ्या पाव डॉलरला येते. त्याने १२,१५० डब्या घेतल्या, पट्ट्या सोडविण्याच्या कामाच्या मोबदल्यात पुडिंग सॅल्व्हेशन आर्मीस देऊन टाकले, आणि तीन हजार डॉलरांच्या आसपास खर्चून १२ लाखांहून अधिक मैल पदरात पाडले. पुढे अमेरिकेच्या टांकसाळीने एक डॉलरची नाणी टपालखर्च न घेता घरपोच देण्यास सुरुवात केली, तेव्हा लोक ती क्रेडिट कार्डावर घेऊन तशीच्या तशी बँकेत भरू लागले. मैल मिळाले, नाणी परत गेली! २०११ च्या जुलैत टांकसाळीने कार्डावर नाणी देणे बंद केले. या गोष्टी ऐकून हसू येते, पण हजारांत एकाला हे साधते. बाकीच्यांच्या मैलांना मुदत संपल्याचे पत्र येते.

आमच्याकडे हा पैसा किती भरवशाचा, ते दोन कंपन्यांच्या कहाणीवरून कळेल. किंगफिशरची विमाने ऑक्टोबर २०१२ मध्ये थांबली. पगार थकलेले कामगार आणि मैल साठविलेले उतारू दोघेही हात हलवीत राहिले. जेट एअरवेजचे शेवटचे विमान १७ एप्रिल २०१९ रोजी उडाले. तेथे निराळेच घडले. तिची मैल-योजना २०१४ मध्येच वेगळ्या कंपनीत काढून तिचा ५०.१ टक्के हिस्सा अबुधाबीच्या एतिहादला विकलेला होता. विमाने जमिनीवर आली तरी मैल जिवंत राहिले, त्यांना २०१९ मध्येच नवे नावही मिळाले. कामगारांची देणी मात्र दिवाळखोरीच्या फायलीत अडकली, आणि ७ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने कंपनी मोडीत काढण्याचा आदेश दिला. ज्या हवाई सुंदरीने उतारूस पाणी दिले तिचा पगार राहिला, आणि त्या प्रवासाचे मैल टिकले.

करोनाच्या साथीत तर हे गणित उघडेच पडले. २०२० मध्ये युनायटेडने आपली मैल-योजना तारण ठेवून ६८० कोटी डॉलर उभे केले, डेल्टाने ९०० कोटी. मार्च २०२१ मध्ये अमेरिकनने १,००० कोटी. विमाने उभी असताना सावकारांनी कर्ज दिले ते बँकांना होणाऱ्या मैलांच्या विक्रीकडे पाहून.

मग साध्या माणसाने काय करावे? खाते बंद करावे, असे आम्ही म्हणत नाही. जो पैसा देऊन चुकलो आहोत त्याचा हा भाग आहे, तो सोडणे म्हणजे मालकास बक्षीस देणे होय. परंतु आधी एका मैलाची किंमत काढावयास शिकावे. समजा, दिल्लीचे तिकीट रोख ९,००० रुपयांस आहे. तेच ८,००० मैल आणि करापोटी १,००० रुपये देऊन मिळते. म्हणजे ८,००० रुपये वाचले ते ८,००० मैलांनी. मैलाला रुपया पडला. त्याच मैलांत कंपनी २,००० रुपयांचा मिक्सर देत असेल, तर मैलाला चार आणे पडले. वस्तूंच्या यादीत मैल घालविणाऱ्यांचे बहुधा असेच नुकसान होते. उलट लग्नसराईत वा अचानक निघालेल्या प्रवासात रोखीचा भाव १५,००० वर चढला आणि मैलांचा दर तेवढाच राहिला, तर मैलाला पावणेदोन रुपये येतात. मैल खर्चण्याची वेळ ती. अर्थात कंपन्याही हे जाणतात आणि त्या दिवशी मैलांचा दरही चढवितात. म्हणून दर वेळी भागाकार करावा, आठवणीवर जाऊ नये.

सहयोगी कंपन्यांकडेही लक्ष ठेवावे. १९९७ मध्ये पाच कंपन्यांनी स्टार अलायन्स नावाचा संघ केला; एअर इंडिया त्यात ११ जुलै २०१४ रोजी आली. त्यामुळे एकीचे मैल दुसरीच्या विमानात चालतात, आणि परदेशी शिकणाऱ्या मुलाकडे जाणाऱ्या आईबापांस त्याचा मोठा उपयोग होऊ शकतो. जाणकार सांगतात, की वरच्या वर्गाच्या तिकिटावर मैलाची किंमत सर्वांत जास्त येते. गणित बरोबर आहे. पण जे तीन लाखांचे तिकीट आपण पदरच्या पैशाने कधीच घेतले नसते, त्यावर तीन लाख वाचले असे म्हणणे हे मनाचे समाधान झाले. आपण खरोखर जे भाडे दिले असते, ते वाचले एवढेच धरावे.

कार्डाचे गुण मैलांत बदलताना घाई करू नये, कारण ते बहुधा परत फिरत नाहीत. जागा मिळते आहे असे दिसले की मगच बदलावेत. आणि कार्डाचे बिल दर महिन्यास पूर्ण फेडता येत नसेल त्याने मैलांच्या वाटेस जाऊच नये. महिना साडेतीन टक्क्यांच्या आसपास व्याज भरून मैलाला रुपया मिळविणे हा धंदा पठाणी व्याजाच्या काळात आमच्या आजोबांनीही केला नसता. राहता राहिले साठविणे. आम्ही कष्टकऱ्यांची मुले, साठविणे हा गुण समजून वाढलो. पण या नाण्यास व्याज नाही, मुदत आहे, आणि भाव एका रात्रीत उतरतो. ते हाती आले की खर्चावे.

हे आम्ही कसे शिकलो? त्या तरुण कामगाराच्या प्रश्नाचे उत्तर शोधताना. जर्मनीच्या श्रम न्यायालयाने एप्रिल २००६ मध्ये निकाल दिला, की मालकाच्या खर्चाने केलेल्या प्रवासाचे मैल मालक मागू शकतो. अमेरिकेने डिसेंबर २००१ मध्ये कायदा करून सरकारी नोकरांस ते स्वतःकडे ठेवण्याची मुभा दिली. आमच्या केंद्र सरकारचा दंडक असा, की सरकारी दौऱ्याचे मैल त्या खात्याच्या सरकारी प्रवासासाठीच वापरावेत. कामगार-चळवळीतला माणूस म्हणून जर्मनीचा निकाल आम्हांस एरवी खटकला असता. रात्री अपरात्री घराबाहेर काढलेल्या तासांचा काही मोबदला प्रवास करणाऱ्यास मिळावा, हे म्हणणे चुकीचे नाही. पण येथे मालक म्हणजे आमचे वर्गणीदार होते. आम्ही कार्यकारिणीस लिहून दिले, की ४३,००० मैल संघटनेचे आहेत.

तोपर्यंत दिल्लीस अखेरची सुनावणी जवळ आली होती. वकीलसाहेबांचे म्हणणे पडले, की ज्यांचे पैसे अडकले आहेत त्या वृद्धांपैकी कोणीतरी न्यायालयात बसलेले दिसावे. तिघे निवडले, तिघेही सत्तरीच्या पुढचे. त्या वेळी एका बाजूच्या तिकिटास ७,००० मैल लागत. जाऊन येऊन तिघांस ४२,०००. हिशेब अगदी जमला. परंतु कार्यकारिणीत कोणी म्हणाले, पुढच्या बैठकीत ठरवू. पुढच्या बैठकीस गणपूर्ती झाली नाही. आम्हीही, आपल्या नावावरचे मैल आपणच घाईने खर्चले असे दिसू नये म्हणून गप्प राहिलो. सात महिने गेले. ठराव झाला त्या दिवशी पाहतो तो कंपनीने दर १०,००० केलेला. तक्रारीचा मेल पाठविला. उत्तरादाखल नियमांचा छापील उतारा आला.

दोघांपुरतेच मैल उरले. तिसऱ्याचे तिकीट रोखीने काढावयास फंडात पैसे नव्हते, आणि कोणास वगळावे हे ठरविण्याचे काम आमच्याकडे आले. ते करावे लागले नाही. तिघांत वडील असलेले साचेवाले आपण होऊन म्हणाले, "मी झेलमने जातो. मला रेल्वेची खिडकीच बरी." त्यांच्यासाठी खालचा बर्थ मिळविला, डबा बांधून दिला, आणि एक दिवस आधी गाडीत बसवून दिले. न्यायालयाच्या बाकावर तिघे एकत्र बसले होते. त्या दिवशी सुनावणी पुढे ढकलली गेली.

खात्यावर ३,००० मैल अद्याप आहेत. जमाखर्चाच्या वहीत खजिनदारांनी त्यांचे वेगळे पान उघडले असून मुदतीची तारीख लाल शाईने लिहून ठेवली आहे.